घुबडाची पिल्लं, बॅजर आजोबा आणि आमचे आठ महिने

सासरे गेले तेव्हा लेक साडेतीन वर्षांचा होता. त्याला रोज बालवाडीत सोडायला तेच जायचे. "आजोबा देवाघरी गेले" असं आम्ही सांगितलं, तर त्याचं एकच, "मग परत कधी येणार?" कुणीतरी "झोपलेत" म्हणालं आणि त्या रात्रीपासून तो झोपायलाच घाबरू लागला. बालवाडीच्या फाटकाशी माझ्या ओढणीचं टोक सोडेना. तेव्हा घेतलेल्या तीन चित्रपुस्तकांविषयी लिहितेय. तिन्ही इंग्रजी आहेत. मी चित्रं दाखवत मराठीतून सांगते.

सगळ्यांत जास्त वाचून झालं ते मार्टिन वॉडेल यांचं 'आउल बेबीज' (१९९२). घुबडाची तीन पिल्लं रात्री जागी होतात, तर आई नाही. मोठी दोघं तर्क लढवतात. धाकटा बिल मात्र दर वेळी एवढंच म्हणतो, "मला आई हवी!" तिसऱ्या-चौथ्या वाचनापासून ते वाक्य लेकाचं झालं. मी थांबायचं, त्यानं म्हणायचं. आधी रडवेल्या आवाजात, महिन्याभरानं हसत. पॅट्रिक बेन्सन यांची चित्रं काळोखी आहेत, घेताना मला धास्तीच वाटली होती. पण तो काळोख आहे म्हणूनच पंख पसरून आई येते ते पान एवढं भरून येतं. आमच्या प्रतीत त्या पानाला आता सेलोटेप लागलीय. फाटकाशी रडणं थांबायला दीड महिना लागला, पण थांबलं.

मात्र हे पुस्तक परत येणाऱ्या माणसासाठी आहे. घरातलं कुणी गेलं असेल तर त्यासाठी हे वाचू नका, मूल वाट बघत बसेल.

पॅट्रिस कार्स्ट यांच्या 'द इनव्हिजिबल स्ट्रिंग'मध्ये प्रेमाचा अदृश्य दोरा शाळेपर्यंतही पोचतो आणि स्वर्गापर्यंतही. कल्पना गोड आहे. आमच्याकडे मात्र एका दुपारी तो रुसून म्हणाला, "मी दोरा ओढला, तू आलीच नाहीस." एवढ्या लहान मुलाला दोरा म्हणजे खरोखरचा दोरा. सहा-सात वर्षांच्यांना जास्त कळेल. आम्ही ते ठेवून दिलंय.

आजोबांसाठी कामी आलं सुझन वार्ली यांचं 'बॅजर्स पार्टिंग गिफ्ट्स' (१९८४). बॅजर म्हणजे बिळात राहणारा एक प्राणी. लेकाला तो कुठला माहीत असायला, म्हणून तो झाला 'बॅजर आजोबा'. म्हातारा बॅजर स्वप्नात काठी टाकून लांब बोगद्यातून पळत सुटतो, आणि सकाळी तो गेलेला असतो. डोंबिवलीला जाताना खंडाळ्याच्या घाटात गाडी बोगद्यात शिरली तेव्हा लेकानं विचारलं, "गाडी बाहेर येते, मग आजोबा?" माझ्या पोटात गोळा आला. "गाडी येते. आजोबा नाही येणार, बाळा," मी म्हणाले. पहिल्यांदाच इतकं सरळ बोलले. तो पुढचे दोन बोगदे गप्प होता.

पुस्तकाचा दुसरा भाग मला फार आवडतो. बॅजरनं काय काय शिकवलं ते एकेक मित्र आठवतो. मोल नावाच्या, बिळातच राहणाऱ्या छोट्या प्राण्याला कागदाची साखळी कापायला, बेडकाला बर्फावर घसरायला. मागच्या रविवारी भाजलेल्या शेंगा फोडत बसलो होतो. लेकानं दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारून सालं उडवली आणि ताटली माझ्यापुढे केली. "असं आजोबांनी शिकवलंय."