हेवी-हॉल ट्रकच्या मॉडेलवर रंग उडालेला दाखवायचा: हेअरस्प्रे की स्पंज?

लो-बेड ट्रेलरचा (अवजड यंत्रे वाहणारा, जमिनीलगतच्या डेकचा ट्रेलर) डेक आणि रॅम्प यांना हेअरस्प्रेच हवा. आधी गंजाचा तपकिरी लॅकर मारून 24 तास वाळू द्यायचा. त्यावर हेअरस्प्रेचे दोन हलके हात, 15-20 मिनिटांनी वरच्या रंगाचा, म्हणजे अॅक्रिलिकचा पातळ थर. अर्ध्या तासाच्या आत कोमट पाण्याने ओला करून आखूड, ताठ ब्रशने घासा; खालचा हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो आणि वरचा रंग सुटतो. माल बांधायच्या साखळ्या जिथे घासतात, तिथे रंग ओरखड्यांसारखा निघतो. थर जाड झाला तर पापुद्रेच सुटतात. रात्रभर ठेवला तर बहुधा काहीच हलत नाही.

केबिनला मात्र स्पंज. फाडलेल्या फोमचा तुकडा गडद तपकिरीत टेकवा, बराचसा रंग कागदावर टिपून घ्या, मग पायरीची कड, बंपरचे कोपरे, दाराच्या हँडलभोवती अलगद टेकवा. तुकडा फिरवत राहा, नाहीतर तीच नक्षी पुन्हा उमटते. 1/24 प्रमाणाच्या मॉडेलवर 1 मिमीचा ठिपका म्हणजे खऱ्या ट्रकवर 24 मिमीचा टवका! चूक ओली असतानाच पुसता येते, हेअरस्प्रेत निघालेला रंग परत बसत नाही. शिवाय रोज चालणाऱ्या ट्रकची केबिन मालक धुऊन-पुसून ठेवतो. तिथे गंज जपूनच.