पोकेमॉन रेड की फायररेड?
दोन्ही प्राणी पकडून लढवायचे व्हिडिओ गेम. १९९६चा रेड गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरचा, २००४चा फायररेड म्हणजे त्याचीच नवी आवृत्ती, नंतरच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरची. सुरुवातीचं गाव पॅलेट टाऊन तेच, पहिला प्राणी देणारे प्रोफेसर ओक तेच. फायररेडमध्ये रंग आहेत, पळायला बूट मिळतात, बंद करून पुन्हा उघडला की मागे काय केलं होतं तेही आठवून देतो. सोयीला हाच बरा.

रेडमध्ये पिशवीत जेमतेम २० वस्तू मावतात. पकडलेले प्राणी साठवायची पेटी भरली की स्वतः बदलायची, नाहीतर समोरचा प्राणी पकडताच येत नाही! भूत प्रकारातला ‘लिक’ हा हल्ला सायकिक (मनःशक्तीच्या) प्राण्यांना झोंबायला हवा, तर तो चक्क फुकट जातो. पण सिनाबार बेटाच्या किनाऱ्यावर पिशवीतली सहावी वस्तू शंभराच्या वर नेणारा मिसिंगनो हा गेममधल्या चुकीतून आलेला मोडकातोडका प्राणी भेटतो तो रेडमध्येच. म्हणून मी अजून रेडच काढतो.