पीडीएफ वाचावी की झेरॉक्स काढावी?

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतला हा कायमचा वाद. पीडीएफ फुकट मिळते, शोधायलाही सोपी. '७३वी घटनादुरुस्ती' टाइप केलं की हजर. झेरॉक्सला पैसे मोजा, वर गठ्ठा सांभाळा. तरी लक्षात ठेवायचंच असेल, तर मी कागदाच्या बाजूने.

२०१८ साली ५४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात १ लाख ७० हजारांहून जास्त वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजला. वेळेचं बंधन असलं की ही तफावत आणखी वाढली. गंमत म्हणजे, २००० नंतरच्या वर्षांत ती कमी होण्याऐवजी वाढतच गेली. तेव्हा 'नव्या पोरांना स्क्रीनची सवय आहे हो' हे काही पटत नाही. गोष्टींच्या वाचनात मात्र फरक दिसला नाही. कादंबरी खुशाल फोनवर वाचा.

कागदावरचं जागेसकट आठवतं: पंचायत राजचा तक्ता डाव्या पानावर, खाली, चहाच्या डागाशेजारी. स्क्रोल करताना मजकूर सरकत राहतो, जागा पकडतच नाही. शिवाय फोनवर आपण भराभर पुढे जातो आणि सगळं कळलं असं धरून चालतो.

चालू घडामोडींना पीडीएफच बरी, छापून नुसती रद्दी वाढते. आणि हायलायटरने अख्खं पान पिवळं करणाऱ्यांना दोन्ही सारखंच! खरा फरक पडतो तो न बघता आठवून पाहण्याने: २००६च्या एका प्रयोगात उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, न बघता आठवून लिहिणाऱ्यांना एका आठवड्यानंतर तो जास्त आठवत होता.