सोसायटीची दुरुस्ती: ठोक रक्कम की आयटम रेट?
मुंबईत इमारत ३० वर्षांची झाली की महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्यावं लागतं. अहवालात दुरुस्ती निघाली की कमिटीपुढे पहिला वाद असतो कंत्राटाचा: सगळ्या कामाची एकच ठोक रक्कम ठरवायची, की प्रत्येक कामाचा दर ठरवून मोजणीप्रमाणे पैसे द्यायचे, म्हणजे आयटम रेट?

ठोक रकमेची ओढ मी समजू शकते. आकडा एकच, वर्गणी ठरवणं सोपं, सर्वसाधारण सभेत मंजुरीही लवकर. पण जुन्या गिलाव्यामागे काय दडलंय, ते परांची बांधून, हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही. मग कंत्राटदार ही जोखीम आधीच रकमेत धरतो, नाहीतर गंजलेली सळई नीट न घासता वर मॉर्टर थापतो. या दुसऱ्या गोष्टीची मला खरी धास्ती वाटते, कारण रंग लागला की ती कुणाला दिसत नाही.

आयटम रेटमध्ये गिलावा, कॉलमचं पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला), गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळ्यांचे दर वेगळे. मोजलं तेवढंच बिल. खर्च अंदाजाबाहेर जाऊ शकतो, म्हणून राखीव रक्कम सभेतच मंजूर करून घ्या. आणि सळई झाकण्याआधी सल्लागार, कंत्राटदार आणि कमिटीचा एक सभासद यांनी एकत्र मोजणी करून सह्या कराव्यात. नंतर मोजायला काही उरत नाही.

मुदतीचं गणित दोन्हीकडे सारखंच: ऑक्टोबरात सुरुवात, जूनच्या पावसाआधी बाहेरचं काम पूर्ण.

माझा कौल आयटम रेटला. फक्त रंगकाम ठोक दिलं तरी चालेल, भिंतींचं क्षेत्रफळ आधीच मोजता येतं.