बोलण्याच्या अंतरावरची लेन्स: कॅननची २४ मिमी पॅनकेक आणि सोलापूरच्या गल्ल्या

कॅननची ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम ही चपटी, म्हणजे पॅनकेक, लेन्स माझ्या २००डी कॅमेऱ्यावर कायम चढवलेली असते. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ही किट लेन्स कपाटात पडून आहे. घरात कॅननचा क्रॉप सेन्सरवाला (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर असेल आणि रस्त्यावरचे फोटो काढायची ओढ असेल, तर नवीन बॉडीचा विचार करण्याआधी ही लेन्स घ्या, असं मी कुणालाही सांगेन. या लेन्सबद्दल बोलणारे बहुतेक जण शार्पनेस आणि बोके (मागचा पुसट भाग) यांतच रमतात. रस्त्यावर, माणसांत, ती काय करते हे राहून जातं. मला तेच सांगायचं आहे.

आधी मोजमाप. लेन्स २०१४ साली बाजारात आली. वजन १२५ ग्रॅम, जाडी २३ मिमीसुद्धा नाही. २००डीला लावली तरी सगळं मिळून सहाशे ग्रॅमच्या आत राहतं. ओढणीखाली कॅमेरा दिसतही नाही. कॅननच्या क्रॉप सेन्सरवर फोकल लेंग्थला (लेन्सच्या मिमीच्या आकड्याला) १.६ नं गुणायचं, म्हणजे चौकट साधारण ३८ मिमीची मिळते; आकडा वाढला की चौकट अरुंद होते. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिमीच्या आसपास असतो, त्यापेक्षा ही चौकट अरुंद. पन्नास मिमीपेक्षा मात्र ऐसपैस.

आता हे सगळं लक्ष्मी मंडईत कसं उतरतं बघा. भाजीवालीपासून अडीच मीटरवर उभं राहिलं की आडव्या चौकटीत जवळजवळ सव्वादोन मीटर रुंदी मावते. म्हणजे ती बाई, तिच्यापुढचा मेथी-चाकवताचा ढीग, तराजू आणि शेजारी पिशवी उघडून उभं राहिलेलं गिऱ्हाईक. कॅमेरा उभा धरला तर माणूस डोक्यापासून पायापर्यंत येतो. अडीच मीटर हे असं अंतर आहे की आवाज न चढवता बोलता येतं. झूम लावून रस्त्याच्या पलीकडून टिपण्याची सोयच ही लेन्स ठेवत नाही. जवळ जायचं, नजरेला नजर द्यायची, भाव विचारायचा, मग फोटो. माझ्या मते या लेन्सचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे, आणि तो कुठल्याही स्पेसिफिकेशनमध्ये छापलेला नसतो.

सोलापुरात तर हे फारच जमतं. इथं लोक बोलके आहेत. एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत कन्नड, पूर्व भागात गेलं की तेलुगू, आणि बाजारात सगळ्यांची मिळून दख्खनी हिंदी. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर अनोळखी माणसांचे हात हातात घेऊन सुई टोचायची, त्यामुळे समोरच्याला आधी बोलतं करायची सवय अंगात मुरलेली आहे. ड्युटीच्या आधी, सकाळी साडेसहाच्या सुमारास, मी कन्ना चौकाकडून साखर पेठेकडे चालत सुटते. तेव्हाचं ऊन तिरपं, पिवळं आणि अजून सोसवणारं असतं. एप्रिल-मे महिन्यांत नऊनंतर बाहेर फोटो काढण्यात अर्थ नाही. पारा चाळिशी ओलांडतो, सावल्या काळ्या ठिक्कर पडतात आणि माणसंही आत जातात.

पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांचे फोटो काढताना या लेन्सची खरी ओळख पटली. एका ओट्यावर तिघी-चौघी बसलेल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, बाजूला भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. एकीनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "फोटू काढ की, पण तोंड नको. हात काढ." मी म्हटलं, "अक्का, हातच काढते." ही लेन्स सेन्सरपासून १६ सेंटीमीटरपर्यंत फोकस करते, त्यामुळे तिच्या शेजारी ओट्यावर बसूनच काम झालं. पानाचा कापलेला चौकोन, त्यात चिमटीनं पसरलेली तंबाखू, दोन्ही अंगठ्यांनी पुढं ढकलत केलेली गुंडाळी, आणि टोक आत खोचताना नखाशी साचलेला तपकिरी रंग. एफ/४ ला (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) ते नख धारदार आणि मागचं सूप मऊ. चेहरा कुठंच नाही, पण ओट्यावरच्या सगळ्या जणींनी स्क्रीनवर बघताक्षणी तिला ओळखलं.

तो फोटो चार बाय सहाच्या कागदावर छापून मी तिला नेऊन दिला. आपल्याच गावात फोटो काढण्याचं सुख हे आहे, परत जाता येतं. प्रिंट हातात पडली की पुढच्या वेळी चार दारं आपोआप उघडतात. मी तर म्हणेन, लेन्सच्या किमतीसोबतच प्रिंटांसाठीही थोडे पैसे बाजूला ठेवा.

यंत्रमागाच्या कारखान्यातला अनुभव जरा वेगळा. मालकाची आणि कामगारांची परवानगी घेऊनच आत जायचं, हे वेगळं सांगायला नको. आत आवाज इतका असतो की शटरचा खटका ऐकूच येत नाही, पण उजेड कमी. इथं एफ/२.८ कामाला येतं. किट लेन्स २४ मिमीवर जास्तीत जास्त एफ/४ देते, म्हणजे हिच्यातून तिच्या दुप्पट उजेड आत येतो. मात्र जुन्या ट्यूबलाइट असतील तर शटरकडे लक्ष ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवलं तर सगळे फोटो एकसारखे उजळ येतात. १/५०० वर गेलात की एक फोटो उजळ, दुसरा काळवंडलेला, तिसऱ्यावर पट्टे. १/१०० ला धोटा हलका पुसट होतो आणि माणूस स्थिर राहतो. चादरीच्या मागावर मला तेच हवं असतं. आणि तिथं लेन्स बदलू नका. हवेत सुताचा भुरका तरंगत असतो, तो सरळ सेन्सरवर जाऊन बसतो. एकच लेन्स घेऊन जाणाऱ्याला ही चिंता उरत नाही.

आता घरातल्या सरावाबद्दल. या लेन्सवर अंतराची खूण नाही, जुन्या लेन्सवर असायची तशी मीटर-फुटांची पट्टी नाही. फोकस रिंगसुद्धा मोटरमार्फत चालते, कॅमेरा चालू नसेल तर फिरवून काही होत नाही. मग अंतराचा अंदाज डोळ्यालाच शिकवावा लागतो. आमच्या घरात दोन बाय दोनची शहाबादी फरशी आहे. चार फरश्या म्हणजे आठ फूट, म्हणजे जवळपास अडीच मीटर. जेवण झाल्यावर मी सासूबाईंना म्हणायचे, "आई, तुम्ही तुमचं काम करत राहा," आणि त्या शेंगा निवडत असताना चार फरश्या, तीन फरश्या, दोन फरश्या असं पुढं-मागं सरकत राहायचे. काही दिवसांत डोळ्याला कळायला लागतं की समोरचा माणूस केव्हा अडीच मीटरवर आला. त्यांचेही त्यात सुंदर फोटो मिळाले, ते वेगळंच.

बाहेर पडताना याचा उपयोग असा: घराच्या दारातच अडीच मीटरवरच्या कशावर तरी फोकस करायचा, लेन्सच्या बाजूचं बटण एएफवरून एमएफवर ढकलायचं, अ‍ॅपर्चर एफ/८, शटर १/५००, आयएसओ (उजेडासाठीची सेन्सरची संवेदना) ऑटो. आता साधारण दीड मीटरपासून सात मीटरपर्यंतचं सगळं स्वच्छ येतं. सोलापुरातल्या मधला मारुती भागात गर्दीतून चालताना फोकस लागायची वाट बघावी लागत नाही, नुसतं दाबायचं. रिंग हाताच्या हलक्या धक्क्यानंही फिरते, म्हणून मी तिच्यावर कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेवते.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेचं वेगळं सांगते, कारण सोलापूरकर पहिला प्रश्न तोच विचारतात. संक्रांतीच्या दिवसांत सातही नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या) निघतात तेव्हा पांढऱ्या बाराबंदीतले भक्त हातभर अंतरावर असतात आणि काठी आभाळात गेलेली असते. अख्खा नंदीध्वज हवा असेल तर ही लेन्स अपुरी आहे, सरळ फोन काढा. पण काठी पेलणाऱ्याच्या मानेच्या शिरा, कमरेचा पट्टा, बाजूनं सावरणारे हात, हे या लेन्सचं काम. रात्री होम मैदानावर पाळण्यांच्या दिव्यांत एफ/२.८, १/१२५ आणि आयएसओ ३२०० वर माझं निभावतं. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, पण चालत्या माणसांसाठी शटर एरवीही वेगवानच ठेवावं लागतं, त्यामुळे रस्त्यावर त्याची उणीव मला जाणवत नाही.

प्रवासातही हीच एक लेन्स नेते. पंढरपूरला वाळवंटात ती घरच्यासारखीच चालते. वारकरी स्वतःहून बोलतात, कपाळावर बुक्का लावतात, मग फोटो काढा म्हणतात. हैदराबादला लाड बाजारात बांगड्यांच्या दुकानांपुढं गल्ली इतकी चिंचोळी होते की अडीच मीटर मिळणंही मुश्कील, पण आपली सोलापुरी हिंदी तिथं लगेच जुळते आणि दुकानदार स्वतःच आत बोलावतो. विजापूरला गोलघुमट एका चौकटीत घ्यायचा तर खूप मागं जावं लागतं. मी मागं जात नाही. हिरवळीवर डबे सोडून बसलेल्या घरांकडे वळते. परगावी परत जाऊन प्रिंट देता येत नाही, म्हणून तिथंच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून देते. आणि लहान मुलांचा फोटो आईबापाला विचारल्याशिवाय काढत नाही, गाव कुठलंही असो.

कुणी घेऊ नये तेही सांगते. लग्नाचं काम करणाऱ्यांना ही पुरणार नाही. सिद्धेश्वर तलावावरचे पक्षी टिपायचे असतील तर मुळीच नाही. कॅननच्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) डीएसएलआरवर ईएफ-एस लेन्स बसतच नाही. आर१० किंवा आर५० सारखा मिररलेस असेल तर अ‍ॅडॉप्टर लावून चालते, पण अ‍ॅडॉप्टरच्या जाडीनं पॅनकेकपणाची मजा जाते. त्यांनी आरएफ २८ मिमी एफ/२.८ बघावी, ती १२० ग्रॅमची आहे आणि क्रॉप बॉडीवर ४५ मिमीच्या आसपासची चौकट देते. मला स्वतःला ३८ जास्त आवडते, आमच्या गल्ल्यांची रुंदी बघता.

माझी लेन्स सेकंडहँड आहे, सात हजारांत मिळाली. तशी घेणार असाल तर प्रत्यक्ष हातात घेऊनच पैसे द्या. मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, परत करा. कॅमेऱ्याला लावून एकदा हाताच्या तळव्यावर आणि एकदा लांबच्या पाटीवर फोकस करा. मोटर अडखळता कामा नये, बारीक घरघर मात्र चालते. हूड (लेन्सपुढची ऊन अडवणारी कडी) सोबत येत नाही. ईएस-५२ नावाचं, स्क्रूनं बसणारं चपटं हूड वेगळं मिळतं, ते जरूर घ्या. आपल्याकडच्या उन्हात ते हवंच, आणि गर्दीत कुणाचा कोपर लागला तर काचेऐवजी हूडला लागतो.