घाण थिनर गाळणारं मशीन: आठ महिने वापरून झाल्यावर

आमचं काम धातूच्या सुट्या भागांना रंग मारायचं. रंगापेक्षा जास्त थिनर गन आणि पाइप धुण्यात जातं, आणि ते सगळं शेवटी २०० लिटरच्या पिंपात साठतं. ती पिंपं उचलायला अधिकृत गाडी यायची, आम्ही सही करायचो आणि दुसऱ्या दिवसापासून नवीन पिंप भरायला घ्यायचो. आठ महिन्यांपूर्वी आम्ही सॉल्व्हंट रिकव्हरीचं छोटं मशीन घेतलं. एका वेळी ६० लिटर घेतं. बाहेरच्या जॅकेटमध्ये थर्मल ऑइल तापतं, आतलं थिनर उकळतं, वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन दुसऱ्या बाजूने स्वच्छ थेंबाथेंबाने पडते आणि रंगाचा चिकटा तळाच्या पिशवीत राहतो. जोडीला व्हॅक्यूम पंप आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रारी आहेत, पण त्यातल्या निम्म्या आमच्याच अज्ञानाच्या आहेत.

आधी आकडे. एक बॅच तापवण्यापासून थंड होईपर्यंत साधारण सहा तास घेते. नीट वेगळं ठेवलेलं घाण थिनर टाकलं तर ६० लिटरमागे ४३ ते ४६ लिटर परत मिळतं. पहिल्या महिन्यात मात्र तीसच्या आसपास मिळत होतं आणि आम्ही मशीनलाच शिव्या घालत होतो.

दोष मशीनचा नव्हता, पिंपाचा होता. आमच्याकडे एकच पिंप असायचं आणि त्यात काहीही पडायचं. इपॉक्सी रंगाचं थिनर, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंगाचं थिनर, हायड्रॉलिक तेल, फरशी पुसलेलं पाणी, कुणाचा तरी उरलेला हार्डनर, म्हणजे रंग घट्ट व्हावा म्हणून त्यात मिसळायचं रसायन. त्या हार्डनरचा किस्सा सांगतोच. एका सोमवारी स्टोअरचे मामा हाक मारायला आले, "साहेब, पिंपाचं झाकण फुगलंय." खरंच फुगलं होतं, वरचा पत्रा डबा उलटा ठेवल्यासारखा वर आलेला. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याला पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. शनिवारी कुणीतरी उरलेला हार्डनर ओलसर पिंपात ओतून झाकण गच्च आवळलं होतं. मामांनी आजूबाजूचे सगळे बाहेर काढले, तासभर कुणाला फिरकू दिलं नाही, मग बाजूला उभं राहून बुच एक-एक आटा सैल केलं. फुस्स आवाज बराच वेळ चालला. त्या दिवसापासून हार्डनरला वेगळा डबा, आणि त्या डब्याला पाण्याचा थेंबही वर्ज्य.

पाण्याचा दुसरा धडा मशीनने दिला. गाळलेलं थिनर काचेसारखं स्वच्छ दिसत होतं, म्हणून आमच्या पेंटरने ते सरळ रंगात घातलं. वाळलेला थर दुधाळ झाला, सगळा लॉट घासून परत मारावा लागला. कारण नंतर कळलं. थिनरमधला एक घटक टोल्युइन. ते ११० अंशांवर उकळतं हे खरं, पण पाणी सोबत असेल तर दोघं मिळून ८५ अंशांच्या आसपासच वर येतात. म्हणजे पाणी मागे राहील या भरवशावर बसायचं नाही. बाहेर आल्यावर टोल्युइन आणि पाण्याचे दोन थर दिसतात, तेव्हा निदान कळतं तरी. अॅसिटोन असलं तर ते पाणी पोटात घेतं आणि वरून काहीच दिसत नाही. आता फरशीचं पाणी त्या पिंपाजवळही येत नाही.

शिवाय थिनर हे एक द्रव नसून मिश्रण असतं. अॅसिटोन ५६ अंशांना निघतं, इथिल अॅसिटेट ७७ ला, ब्युटिल अॅसिटेट १२६ ला, झायलीन १३८ च्या पुढे. तापमान कमी ठेवलं की हलके घटक तेवढे येतात आणि जड घटक चिकट्यात अडकतात. व्हॅक्यूम पंप इथे कामाला येतो, कारण दाब उतरला की उकळबिंदूही उतरतो. तरी परत आलेलं थिनर मूळ थिनरसारखं कधीच नसतं. आम्ही ते फक्त धुण्याला वापरतो, रंगात नाही. विक्रेता याबद्दल जे बोलला होता, ते विसरलेलं बरं.

एक गोष्ट मात्र त्याने सांगायलाच हवी होती आणि सांगितली नाही. नायट्रोसेल्युलोजचा रंग, म्हणजे आपण ज्याला एनसी म्हणतो, तो या मशीनमध्ये घालायचा नाही. थिनर उडून गेल्यावर तळाला नायट्रोसेल्युलोज कोरडं होतं, आणि कोरडं नायट्रोसेल्युलोज तापलं की स्वतःहून पेटतं, झाकणाच्या आत असलं तरी. मॅन्युअलच्या मागच्या पानांत दोन ओळी आहेत, त्याही बारीक अक्षरात. आमच्याकडे टचअपसाठी एनसी पुट्टी वापरत होते. ते वाचलं त्या दुपारी मी मशीनवरचा फ्यूज काढून खिशात ठेवला आणि दोन दिवस परत बसवलाच नाही. आता एनसीच्या पिंपाला लाल झाकण आहे, ते मशीनकडे जात नाही, थेट विल्हेवाटीला जातं. क्लोरिनवाली सॉल्व्हंटंही तशीच बाजूला.

मशीनच्या खऱ्या दोषांपैकी पहिला झाकणाचा गॅस्केट. साधा रबरी होता, अॅसिटोनच्या वाफेने महिनाभरात फुगून लिबलिबीत झाला. झाकण बसेना आणि वास येऊ लागला. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीने जड असते, जमिनीलगत पसरत जाते, आणि टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानापासून सुटते ते, ४ अंशांच्या आसपास. थोडक्यात, नेहमीच्या तापमानाला ती वाफ पेटायला तयारच असते. त्यामुळे वास आला की काम बंद. सर्व्हिसवाल्याने तीन आठवडे लावले आणि परत तोच रबरी गॅस्केट आणला. आम्ही बाहेरून टेफ्लॉनचा करून घेतला, तेव्हापासून तक्रार नाही. दुसरा दोष तळाच्या पिशवीचा. गरम असताना ओढली की फाटते, पूर्ण थंड झाली की चिकटा दगड होऊन भांड्याला धरतो. कोमट असतानाच काढायची, ही वेळ साधायला आम्हाला दोन महिने लागले. स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून लावायचा अर्थिंगचा क्लिप मात्र चांगला दिलाय. तो लावल्याशिवाय थिनर ओतायचं नाही, इथे सवलत नाही.

तो चिकटा जातो कुठे, हे सगळे विचारतात. मशीन घेतलं म्हणजे घातक कचरा संपला असं नाही. तळाचा गाळ घातक कचराच राहतो, वजन तेवढं घटतं. आमचा गाळ सिमेंटच्या भट्टीत इंधनाबरोबर जातो. भट्टीत माल १,४५० अंशांच्या आसपास भाजला जातो, रंगाचा राळ त्यात पूर्ण जळतो, राख क्लिंकरमध्ये, म्हणजे ज्या भाजलेल्या खड्यांपासून सिमेंट दळतात त्यांत, मिसळते. आता गाडी महिन्याला नाही, तीन महिन्यांतून एकदा येते.

कागदपत्रांचा कंटाळा मलाही होता. मग लव्ह कॅनॉलचं वाचलं. अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात १९४२ ते १९५३ या काळात एका रसायन कंपनीने जुन्या कालव्यात सुमारे २१ हजार टन कचरा पुरला, वर माती टाकली आणि जागा एका डॉलरला शिक्षण मंडळाला दिली. वर शाळा झाली, घरं झाली. १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली, आणि विकून टाकलेल्या जागेबद्दल कंपनीला पुढे वर्षानुवर्षं उत्तरं द्यावी लागली. माल दारातून गेला म्हणजे आपला राहिला नाही, असं मी तोवर समजत होतो. आता गाडी कुठे पोचली, किती वजन उतरलं, कशात जाळलं, हे कागद परत आल्याशिवाय फाइल बंद होत नाही.

छोटी कामंच जास्त उपयोगी पडली, ती कुणी विकायला येत नाही. प्रत्येक पिंपावर नाव आणि तारीख. पिंपांखाली ट्रे, सर्वांत मोठ्या पिंपाच्या ११० टक्के मावेल असा. बुचात नरसाळं अडकवून ठेवायचं नाही, कारण निम्मं थिनर त्यातूनच उडत होतं. तेल आणि अल्किड रंगाच्या (तेलावर आधारलेल्या राळेच्या रंगाच्या) चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात, त्या ढिगात ठेवल्या की आपोआप तापून पेटतात. आणि गन दोनदा धुणं: आधी जुन्या थिनरने, शेवटी थोड्या स्वच्छ थिनरने. या एका सवयीने घाण थिनर इतकं घटलं की मशीन आठवड्यात चारदा चालायचं ते आता दोनदाच चालतं. हिशेबनीसांना ते आवडलं नाही, एवढं घेऊन ठेवलं आणि बसून राहतं म्हणतात.

घ्यावं का? रोज निदान दहा लिटर एका जातीचं घाण थिनर निघत असेल तर घ्या. त्याहून कमी असेल तर आधी पिंपं वेगळी करा आणि सहा महिन्यांनी परत मोजा. मशीनला वेगळी, हवेशीर, ठिणगीपासून लांब जागा नसेल तर विचारही करू नका.

आमच्या गोदामाच्या कोपऱ्यात अजून एक जुनं पिंप आहे, आमच्याही आधीचं, लेबल गळून पडलेलं. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. मामांनी त्यावर खडूने प्रश्नचिन्ह आणि तारीख घातलीय, भोवती दोरी बांधलीय. नमुना प्रयोगशाळेत गेलाय. उत्तर येईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही.