‘डेअरडेव्हिल’चा दुसरा भाग की ‘द बॉइज’चा पहिला?

मामेभावाचा प्रश्न सरळ होता. सुपरहिरोंची एखादी काळी, मोठ्यांसाठीची मालिका बघायची आहे, वेळ एकाच मालिकेपुरता आहे, तर ‘डेअरडेव्हिल’ लावू की ‘द बॉइज’? मी त्याला म्हटलं, एक संध्याकाळ मोकळी ठेव आणि दोन्हींचा एकेक भाग बघ. एकाचा दुसरा, दुसरीचा पहिला. त्यावर त्याचं आलं, ‘हा कुठला न्याय?’

न्याय असा, की ‘डेअरडेव्हिल’चा पहिला भाग घर लावण्यात जातो. रात्री मुखवटा घालून गुंडांशी लढणारा आंधळा वकील मॅट मर्डॉक, त्याचा मित्र फॉगी, भाड्याने घेतलेलं ऑफिस, खुनाच्या आरोपात अडकलेली कॅरन पेज ही पहिली अशील. सगळं नीटनेटकं, पण अजून कुणासारखंही होऊ शकेल असं. मालिकेचा स्वतःचा आवाज लागतो तो दुसऱ्या भागात, ‘कट मॅन’मध्ये. ‘द बॉइज’ला एवढा धीर नाही. ती पहिल्या दहा मिनिटांतच तुमच्या तोंडावर रक्त उडवते.

(इथून पुढे दोन्ही भागांत काय घडतं ते येणार आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी बघून यावं.)

नेटफ्लिक्सने ‘डेअरडेव्हिल’च्या पहिल्या सीझनचे 13 भाग 10 एप्रिल 2015 ला एकदम आणले. ‘कट मॅन’ ड्रू गोडार्डने लिहिलाय आणि फिल अब्राहमने दिग्दर्शित केलाय. सुरुवातीलाच नायक कचराकुंडीत पडलेला आहे. बरगड्या मोडलेल्या, अंगभर जखमा. रशियन टोळीने एक लहान मुलगा पळवला, हा सोडवायला गेला आणि तो सापळा निघाला. क्लेअर टेंपल नावाची नर्स त्याला आपल्या घरी ओढून आणते. छातीत हवा भरून त्याचा श्वास कोंडतो, तेव्हा ती घरातच सुई खुपसून त्याला वाचवते. रोझारिओ डॉसनने हे काम इतकं साध्या चेहऱ्याने केलंय, की हॉस्पिटलमधली आणखी एक दमलेली रात्रपाळी वाटावी.

भागाचं नावही तिथूनच उलगडतं. बॉक्सिंगमध्ये दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात खेळाडूच्या जखमांचं रक्त थांबवतो तो कट मॅन. मॅटचा बाप जॅक हा पडेल बॉक्सर. लहानपणी मॅट त्याच्या भुवईला टाके घालतो आणि हात थरथरू नये म्हणून बाप पोराला दारूचा एक घोट देतो. आज क्लेअर मॅटला शिवते आहे. एका कोचावरून दुसऱ्या कोचावर कथा अशी आपोआप सरकते. ‘आठवण सुरू झाली’ अशी पाटी लावावी लागत नाही.

जॅकला क्रशर क्रीलविरुद्धच्या मॅचमध्ये मुद्दाम हरायचे पैसे मिळालेले असतात. तो स्वतःवरच पैज लावायला सांगतो, जिंकलेले पैसे मुलाच्या नावे ठेवायची सोय करतो आणि मॅच जिंकतो. त्या विजयाची किंमत काय, हे त्याला रिंगमध्ये उतरण्याआधीच माहीत असतं. बापाच्या मरणाचा हा धागा डेअरडेव्हिलच्या 1964 च्या पहिल्या कॉमिकइतका जुना आहे, पण इथे तो मुलाच्या बोटांमधून येतो. गल्लीत पडलेल्या बापाचा चेहरा मॅट चाचपून बघतो. त्याला दिसत नाही, आणि कॅमेराही आपल्याला फार काही दाखवत नाही.

मग तो प्रसिद्ध पॅसेज. मुलगा शेवटच्या खोलीत, मधे रशियन गुंड, आणि साधारण तीन मिनिटांची मारामारी, जी एकाच शॉटमध्ये घेतल्यासारखी दिसते. स्टंट फिलिप सिल्व्हेराने बसवलेत. लोक याला ‘भारी फाइट’ म्हणून शिफारस करतात. माझ्या मते त्यात भारी गोष्ट फाइट नसून थकवा आहे. मॅट मधेच भिंतीला टेकतो. पाडलेली माणसं पुन्हा उठतात, म्हणजे पुन्हा मारावी लागतात. निम्मी हाणामारी बाजूच्या खोल्यांत होते आणि कॅमेरा बाहेर पॅसेजमध्येच थांबतो. दारातून एक मायक्रोवेव्ह उडत येतो तेव्हा कळतं आत काय चाललंय. शेवटी तो पोराला उचलून निघतो. विजयाची धून वगैरे काही नाही.

याच भागात गच्चीवरचा एक प्रसंग आहे, आणि निवड करणाऱ्याने खरं तर तो बघून ठरवावं. मॅट एका गुंडाकडून मुलाचा पत्ता काढतो. डोळ्यावर कुठे खुपसलं म्हणजे कळ थेट मेंदूत जाईल, हे सांगणारी क्लेअरच आहे. ‘मला यात मजा येते,’ असं मॅट त्या माणसाला सांगतो आणि वरून खाली ढकलतो. तो कचऱ्यात पडून जिवंत राहतो. मॅटने हे हिशोबाने केलं की ते नशीब होतं, यावर मी आणि माझा एक मित्र अजून भांडतो.

आता दुसरं पारडं. ‘द बॉइज’ प्राइम व्हिडिओवर 26 जुलै 2019 ला आली. गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांच्या कॉमिकवरून एरिक क्रिपकीने ती उभी केली. पहिल्या भागाचा दिग्दर्शक डॅन ट्रॅक्टनबर्ग. ह्युई हा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काम करणारा पोरगा रस्त्याच्या कडेला प्रेयसीचे हात धरून उभा असतो. ती फुटपाथवरून एक पाऊल खाली उतरते. ए-ट्रेन नावाचा सुपरहिरो तिच्या आरपार पळत जातो. ह्युईच्या हातात उरतात ते फक्त तिचे हात.

नंतर सुपरहिरोंना पगारावर ठेवणाऱ्या कंपनीचा माणूस कागद घेऊन येतो. 45,000 डॉलर घ्या आणि गप्प बसा. मला रक्तापेक्षा हा कागद जास्त भीतीदायक वाटला. ‘डेअरडेव्हिल’मध्ये दुखणं नायकाच्या अंगावर साठत जातं, इथे ते वाटसरूच्या वाट्याला येतं आणि नायकाच्या पगारी लोकांनी त्याचा दर आधीच ठरवून ठेवलेला असतो. स्टारलाइट नावाची मुलगी आयोवाहून या सुपरहिरोंच्या टोळीत सामील व्हायचं स्वप्न घेऊन येते आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांच्यातलाच ‘द डीप’ तिच्यावर लैंगिक जबरदस्ती करतो. प्रसंग लहान आहे, पण बोचतो. घरात कुणाला असं काही बघवत नसेल तर हे आधी सांगून ठेवा. शेवटी या टोळीचा म्होरक्या होमलँडर, म्हणजे अँटनी स्टारचं ते गोठलेलं हसू, डोळ्यांतल्या किरणांनी एक विमान हवेत कापतो. आत महापौर असतो आणि त्याचा लहान मुलगाही.

वेग कुणाचा जास्त, हा प्रश्नच नाही. ‘द बॉइज’ पकड घेते आणि सोडत नाही; एकदा लावली की ‘अजून एक भाग’ म्हणत रात्रीचे दोन वाजतात. विनोदही तिच्याकडेच, काळा आणि बऱ्याचदा अचकट. ‘डेअरडेव्हिल’चा पहिला सीझन मधल्या भागांत बसकण मारतो, हे तिच्या चाहत्यानेही कबूल करावं. खलनायक विल्सन फिस्कचा चेहराच तिसऱ्या भागाच्या शेवटी दिसतो. ज्याला वाट बघण्याचा कंटाळा आहे, त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

पसाऱ्याचं म्हणाल तर ‘डेअरडेव्हिल’ची मूळ मालिका तीन सीझन, 39 भागांत संपते. पुढे 2025 पासून नव्या नावाने ती पुन्हा सुरू झाली, पण तिथवर गेलंच पाहिजे असं नाही. तिसऱ्या सीझनला थांबलात तरी काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. ‘द बॉइज’च्या पहिल्या चार सीझनचे प्रत्येकी आठ भाग आहेत, म्हणजे तिथे आकड्याने फारसा फरक पडत नाही. फरक आहे तो चढत्या मात्रेत. तिला दर सीझनला मागच्यापेक्षा मोठा धक्का द्यावा लागतो, आणि काही वेळा तो नुसता धक्काच राहतो.

मामेभावाला मी ‘कट मॅन’ सांगितला. त्याचं सिनेमात कॅमेऱ्याकडे लक्ष असतं, आणि त्याला नायक हवाय, भले तो वाकडा असो. ऑफिसातून वैतागून येणाऱ्या आणि बड्या कंपन्यांच्या जाहिरातींवर एकट्याने हसणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मात्र मी डोळे झाकून ‘द बॉइज’ सांगेन. सुपरहिरो या प्रकाराचाच वीट आलेला असेल, तरीही तीच.

‘डेअरडेव्हिल’ खोलीतला दिवा बंद करून बघा, कारण तिच्यातला अर्धा अंधार उजेडात नुसता काळा पडदा दिसतो. ‘द बॉइज’ दिव्यातही चालेल. फक्त जेवण आधी उरका, आणि हॉलमध्ये आई-बाबा बसलेले असतील तर हेडफोन नव्हे, सरळ दुसरी खोली शोधा.